जिभाऊंच्या बँडचा डबा : कामाच्या नोंदी

९ सप्टेंबर, दोंडाईचा

गणपती गेले की बँडवाल्यांना चार दिवस उसंत मिळते, आणि पावसात भिजलेलं, आपटलेलं, गुलालानं भरलेलं सगळं सामान माझ्या दुकानात येऊन पडतं. आज जिभाऊ स्वतः आले. सामान नव्हतं, मागणी होती.

त्यांच्या ट्रॉलीवर सध्या तीन वाद्यं आहेत. वरच्या स्टँडवर नवा कीबोर्ड, खालच्यावर पंधरा-सोळा वर्षांचा जुना, आणि बाजूला ऑक्टोपॅड. (बँडवाले दोन्ही कीबोर्डांना कॅसिओच म्हणतात, कंपनी कोणतीही असो.) नव्याचा ऑर्गन चांगला. जुन्याचं क्लॅरिनेट आणि ब्रास असे की नव्यात शोधून सापडत नाहीत. वाजवणारा मात्र एकच, जिभाऊंचा भाचा. तो एक हात वर आणि एक हात खाली असा कसरत करतो आणि अंतऱ्याला हमखास घसरतो. जिभाऊंचं म्हणणं एका वाक्याचं: "भाऊ, वरला वाजाडा का खालला बी वाजाले पाहिजे."

दोन्ही कीबोर्डांच्या मागे पाच पिनांची गोल भोकं आहेत. गेल्या वर्षी पोरांनी त्यातल्या एकातून वायर काढून मिक्सरला लावली होती. स्पीकरमधून घर्रर्र असा आवाज आला आणि ते भोक खराब आहे असं एकमतानं ठरलं. भोक ठणठणीत आहे. त्यातून आवाज जातच नाही, हे समजावायला मला दोन कप चहा लागला. त्यातून जातं ते एवढंच: अमुक पट्टी दाबली, इतक्या जोरात, अमुक पट्टी सोडली. आवाज ज्यानं-त्यानं आपला काढायचा. पोरांना ऐकू आली ती घरघर म्हणजे स्पीकरनं वाचलेले आकडे.

जिभाऊ थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे वरातीत मी हात वर केला का पोरं थांबतात, तसं?"

तसंच. हाताला आवाज नसतो.

काम घेतलं. मध्ये एक डबा बसवायचा. वरच्या कीबोर्डचं आणि पॅडचं बोलणं त्यात येईल, तो ते दोन्ही कीबोर्डांना वाटून देईल. शिवाय पायाशी चार बटणं. खोकं म्हणायचं टाळतोय, तो शब्द हल्ली महाराष्ट्रात साधा राहिलेला नाही.

१३ सप्टेंबर

रात्री लाइट गेलेली. मोबाइलवर मिडीचं मानक वाचत बसलो. मिडी म्हणजे म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस, त्या गोल भोकांतून वाद्यं बोलतात ती भाषा. १९८१ मध्ये डेव्ह स्मिथ आणि चेट वुड यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे अशा सामाईक भाषेचा प्रस्ताव मांडला. जपानमध्ये रोलँड या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीचे इकुतारो काकेहाशी हेही त्याच गोष्टीच्या मागे होते. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात स्मिथ यांच्या कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन कीबोर्ड वायरीनं जोडून दाखवले, आणि ऑगस्टमध्ये मानकाची पहिली आवृत्ती आली. स्मिथ आणि काकेहाशी यांना यासाठी २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. धंद्यातले दोन प्रतिस्पर्धी एका वायरीवर राजी झाले, ही गोष्ट मला त्या वायरीपेक्षा मोठी वाटते. आमच्या गल्लीत दोन केबलवाले एका खांबावर राजी होत नाहीत.

वेग सेकंदाला ३१,२५० बिट. आकडा विचित्र वाटतो, पण १० लाख भागिले ३२ केलं की हाच येतो. म्हणजे त्या काळच्या स्वस्त चिपला घड्याळ नुसतं भागून तो मिळत होता. डब्यात बसवायच्या माझ्या आर्डुइनो मेगाचं (प्रोग्राम घालता येतो असा छोटा बोर्ड) घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं, त्यालाही हा वेग अगदी नेमका जमतो, चूक शून्य. मेगा अशासाठी की त्याला चार सिरियल पोर्ट आहेत. दोन वाद्यांचं ऐकायचं तर कान दोन हवेत.

तारेतून ५ मिलिअँपिअर करंट वाहिला की शून्य, थांबला की एक. पाचपैकी कामाच्या पिना दोनच, ४ आणि ५. मधली २ नंबर शील्डची, म्हणजे तारांभोवतीच्या जाळीची. १ आणि ३ रिकाम्या.

नव्या स्वस्त कीबोर्डांना हे गोल भोक नसतं, नुसतं यूएसबी असतं. दोन यूएसबी कीबोर्ड एका वायरीनं जोडून काही उपयोग नाही, मध्ये यजमान म्हणून संगणक लागतो. जिभाऊंनी नवा म्हणून घेतलेला कीबोर्ड सेकंडहँड आहे आणि म्हणूनच त्याला गोल भोक आहे. त्यांचं नशीब, आणि माझंही.

१७ सप्टेंबर

चार दिवस वाया. चूक माझी.

येणाऱ्या बाजूला ऑप्टोकपलर लावावा लागतो. एका बाजूला छोटा एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश पाहणारा ट्रान्झिस्टर, मध्ये विजेचा संबंध नाही. दुकानात पीसी-८१७ ढिगानं पडलेत; मोबाइल चार्जर असो की टीव्हीचा पॉवर सप्लाय, प्रत्येकात एक सापडतो. तोच लावला. कीबोर्डवर एक पट्टी दाबली की स्क्रीनवर भलतेच आकडे. दुसऱ्यांदा दाबली की वेगळेच.

सर्किट तपासलं, वायर तपासली. वायरीत खरंच घोळ निघाला. भंगारवाल्याकडून आणलेली ती जुन्या टेपरेकॉर्डरची होती, टोकं पाच पिनांची पण आत ४ आणि ५ ला तारच नाही. नवी केली. तरीही आकडे भलतेच.

शेवटी ऑसिलोस्कोपवर, म्हणजे तारेतली वीज पडद्यावर रेघेसारखी दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहिलं. एका बिटला ३२ मायक्रोसेकंद मिळतात. माझा ट्रान्झिस्टर चालू पटकन होत होता, बंद मात्र आरामात. वर चढणारी कड सरळ उभी असायला हवी, ती गिरणेच्या काठासारखी उतरती. तोवर पुढचा बिट येऊन गेलेला. पॉवर सप्लायमध्ये त्याला कुणी घाई करत नाही, म्हणून तिथे तो शहाणा ठरतो.

धुळ्याहून ६एन-१३८ हे वेगवान ऑप्टोकपलर मागवले. पिन ७ पासून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर लावला म्हणजे तो बंदही लवकर होतो. पुढे २२० ओहम, आणि उलटा करंट आला तर एलईडी मरू नये म्हणून १एन-४१४८ डायोड.

२० सप्टेंबर

आज पहिल्यांदा तार बोलली. मधली पांढरी एक दाबली:

१४४, ६०, ८७

१४४ म्हणजे "पहिल्या चॅनेलवर पट्टी दाबली". ६० हा पट्टीचा क्रमांक. ८७ हा जोर. वाक्य संपलं. १२८ किंवा त्याहून मोठा आकडा आला की ती आज्ञा, लहान आला की ती माहिती. त्यामुळे मधूनच ऐकायला लागलं तरी वाक्य कुठे सुरू होतं ते कळतं. मला हे फार आवडलं. चॅनेल १६, म्हणून १४४ ते १५९ सगळे "दाबली"च, फक्त कुणाला ते वेगळं.

सोडल्यावर १२८ यायला हवा होता. आला नाही. आलं ते एवढंच:

६०, ०

डोकं खाजवलं. मानकात दोन सवलती आहेत आणि हा कीबोर्ड दोन्ही वापरतो. एक, "शून्य जोरानं दाबली" म्हणजेच "सोडली" समजायचं. दोन, आधीचीच आज्ञा चालू असेल तर ती परत सांगायची नाही, नुसते आकडे पाठवायचे. दोन्ही मिळून तीन बाइटचं, म्हणजे तीन आकड्यांचं, वाक्य दोनवर येतं. एका बाइटला ३२० मायक्रोसेकंद लागतात तिथे ही काटकसर कामाची.

आणखी एक. कोणी काही वाजवत नसतानाही स्क्रीनवर २५४, २५४, २५४ अशी ओळ लागलेली. सेकंदाला तीनेकदा. हा कीबोर्ड दर ३०० मिलिसेकंदांच्या आत "मी आहे" म्हणून सांगतो. स्क्रीन वाचता येईना, म्हणून प्रोग्राममध्ये २५४ गाळून टाकला.

(हे पुढे अंगाशी आलं. नोव्हेंबरची नोंद पाहा.)

२७ सप्टेंबर

पॅडची वायर दुसऱ्या कानाला लावली. डोक्यात साधा हिशेब होता: दोन्हीकडून जे येईल ते आलं तसं पुढे ढकलायचं. जुन्या कीबोर्डवर क्लॅरिनेट लावलं, भाच्याला वरती वाजवायला सांगितलं, पॅडवाल्याला ठेका धरायला सांगितलं.

चार मात्रांनंतर क्लॅरिनेट गायब, आणि गाण्याची चाल बोंगो-कोंगावर वाजायला लागली. भाचा थांबला, पॅडवाला थांबला, मी हसायला लागलो. आधी कळलं नाही, पण ऐकायला झकास होतं.

मागची सवलत आठवली तेव्हा उलगडा झाला. पॅड बोलतो दहाव्या चॅनेलवर, त्याची आज्ञा १५३. ती मध्येच पुढे गेली. त्यानंतर कीबोर्डकडून आले नुसते आकडे, "६४, ९०", कारण त्याच्या हिशेबानं १४४ चालूच होता. ऐकणाऱ्याच्या हिशेबानं मात्र शेवटची आज्ञा १५३. दहावा चॅनेल तालवाद्यांचा, आणि १९९१ च्या जनरल मिडीच्या यादीत (कोणत्या क्रमांकाला कोणता आवाज, ते ठरवणारी) तिथे ६४ म्हणजे खालचा कोंगा. त्यानं आज्ञा पाळली.

तेव्हा आलं तसं ढकलायचं नाही. प्रत्येकाचं वाक्य वेगळं ऐकायचं, पूर्ण होऊ द्यायचं, गाळलेली आज्ञा परत जोडायची, मगच पुढे बोलायचं. वाक्याच्या मध्ये घुसायची मुभा २४८ आणि त्यावरच्या आकड्यांनाच, कारण ते ठेक्याचे टोले आणि तत्सम; त्यांना थांबून चालत नाही.

ऑक्टोपॅड हे नाव आपल्याकडे तबला-ढोलकीसारखं जातीचंच नाव झालंय. ते रोलँडच्या १९८५ च्या पॅड-८ वरून आलं. त्या पहिल्या ऑक्टोपॅडच्या पोटात एकही आवाज नव्हता. आठ रबरी चौकोन आणि मागे मिडीचं भोक, बस. दुसऱ्याला सांगायचं, स्वतः गप्प राहायचं. पॅडवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग ते घेतलं कुणी?

४ ऑक्टोबर

दसऱ्याची सुपारी वाजवून बँड मोकळा. सगळं सामान जिभाऊंच्या खळ्यात मांडलं. डबा जुन्या स्टॅबिलायझरच्या पत्र्याच्या पेटीत बसवलाय, त्यामुळे वजनदार दिसतो. लोकांना वजन आवडतं.

दोन गोष्टी निघाल्या.

पहिली: वरच्या कीबोर्डचा प्रत्येक सूर पोकळ, नळीतून आल्यासारखा. पट्टी दाबली की तो स्वतः वाजतो, आणि डब्यातून फिरून आलेली आज्ञा मिळाली की पुन्हा वाजतो. एकच सूर दोनदा, मध्ये एखाद-दोन मिलिसेकंदांचं अंतर. उपाय मानकातच आहे, लोकल कंट्रोल बंद करायचा: कंट्रोलर (सुराऐवजी सेटिंग बदलणारी आज्ञा) क्रमांक १२२, किंमत ०. मग पट्ट्या वेगळ्या आणि आवाज वेगळा होतो. पण जनरेटर बंद-चालू झाला की कीबोर्ड पुन्हा मूळ पदावर. म्हणून डबाच चालू झाल्यावर हा संदेश पाठवतो. डबा एका क्षणात उठतो, कीबोर्डला उठायला वेळ लागतो, तेव्हा दहा सेकंद थांबून पाठवतो.

दुसरी: स्पीकरमध्ये हम, म्हणजे सतत गुणगुण. जनरेटरवर तर कान किटतील असा. ऑप्टोकपलर लावला तो हा हम टाळायलाच, मग आला कुठून? मीच घरात घेतला होता. येणाऱ्या सॉकेटची २ नंबरची पिनही मी ग्राउंडला जोडली होती, शील्ड म्हणजे ग्राउंड या सवयीनं. मानक सांगतं, ती फक्त जाणाऱ्या बाजूला जोडायची, येणाऱ्या बाजूला मोकळी ठेवायची. दोन्हीकडे जोडली की ऑप्टोकपलरला वळसा घालून ग्राउंड पुन्हा एक होतं. दोन तारा कापल्या. शांत.

जिभाऊंनी विचारलं, मध्ये डबा आला तर उशीर नाही ना होणार? एका सुराचं वाक्य ०.९६ मिलिसेकंदाचं. दहाही बोटं एकदम पडली तरी शेवटचा सूर दहाएक मिलिसेकंदांत निघतो. तेवढ्या वेळात हवेतून आवाज साडेतीन मीटर जातो. ट्रॉलीपुढे नाचणारा नवरदेवाचा मित्र त्याहून लांब असतो.

११ ऑक्टोबर

आजचा दिवस लक्षात राहील.

गाणारा बदलला की पट्टी बदलते. कुणी काळी चारला गातो, कुणी पांढरी पाचला. कीबोर्डमध्ये ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायची सोय, आहे, पण तो मेन्यूच्या तिसऱ्या पानावर. म्हणून डब्याच्या दोन पायबटणांवर वर-खाली दिला. गणित सोपं: पट्टीच्या क्रमांकात एक मिळवा किंवा वजा करा, पुढे पाठवा. दुकानात बिनचूक चाललं होतं.

खळ्यात पहिल्याच गाण्यात, पॅडवाला ओरडला. पट्टी दोननं वर नेली तर त्याचा बास ड्रम स्नेअर झालेला. ३६ अधिक २, ३८. पॅडलाही मी वर चढवत होतो. तालवाद्याला पट्टी नसते हे प्रोग्रामला कुणी सांगायचं? दहावा चॅनेल वगळला, पाच मिनिटांचं काम.

मग खरा घोळ. भाच्यानं सूर धरून ठेवला होता, तेवढ्यात गाणाऱ्यानं हातानं "वर" अशी खूण केली, भाच्यानं पाय दाबला आणि मग बोट उचललं. सूर थांबला नाही. ऑर्गनचा टोन, त्यामुळे विझायचं नावच नाही. पुढचं गाणं सुरू झालं, त्याच्या खाली हा सूर वाजतोय. दुसऱ्यांदा पाय दाबला, अजून एक अडकला. जिभाऊ माझ्याकडे बघून, "भाऊ, हाऊ गप काबर बसत नही?" भाचा दोन्ही हात वर करून, "मामा, मी तं बोट उचलेल शे!"

उचललंच होतं. शेवटी स्विच बंद केला तेव्हा शांतता.

संध्याकाळी खळ्यातच बसून कागदावर लिहिलं. पट्टी ६० दाबली, ट्रान्सपोज शून्य, पुढे गेला ६०. पाय दाबला, ट्रान्सपोज १. पट्टी ६० सोडली, गणितानं पुढे गेलं "६१ सोड". जुना कीबोर्ड म्हणतो, ६१ मी धरलाच नव्हता. आणि ६० ला सोड असं त्याला कुणीच सांगितलं नाही, तर तो का सोडेल? दुकानात हे का दिसलं नाही? मी तिथे पियानोवर तपासत होतो. पियानोचा सूर अडकला तरी आपोआप विरतो. ऑर्गन माफ करत नाही.

उपाय: १२८ घरांचा तक्ता. पट्टी दाबली गेली तेव्हा पुढे कोणता क्रमांक पाठवला ते तिच्या घरात लिहायचं. सोडली की नवं गणित करायचं नाही, तक्त्यात पाहून तोच क्रमांक सोडायचा. दहा ओळींचा प्रोग्राम. त्या दहा ओळींसाठी तीन तास आणि अर्धी ताटली शेव गेली.

तरीही भरवसा नको म्हणून चौथ्या बटणाला "गप" नाव दिलं. सगळे सूर बंद करायचा संदेश आहे, कंट्रोलर १२३. नवा कीबोर्ड तो पाळतो, जुना कानाडोळा करतो. म्हणून जुन्याला एकेक करून १२८ सूर सोडायला सांगतो. ३८४ बाइट, एका चॅनेलला १२३ मिलिसेकंद. वापरात दोनच चॅनेल, म्हणजे पाव सेकंद. सोळाच्या सोळा चॅनेल फिरलो असतो तर दोन सेकंद लागले असते, आणि वरातीत दोन सेकंद फार असतात.

१९ ऑक्टोबर

दिवाळी. दुकानात फक्त लायटिंगच्या माळा. डब्याला हात नाही.

२८ ऑक्टोबर

नाना आले होते. जिभाऊंचे चुलते, ट्रॉलीच्या आधीच्या काळात पायी चालून क्लॅरिनेट वाजवायचे. दात गेले तसं वाद्य सुटलं. भाच्यानं त्यांना कानबाईच्या गाण्याची चाल ऐकवली, जुन्या कीबोर्डच्या क्लॅरिनेटवर. नानांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "हाऊ सूर जिना चढस, घसरत नही."

बरोबर बोलले. पट्टीला क्रमांक आहे, ६० नंतर ६१, मध्ये काही नाही. घसरायचं असेल तर डाव्या हाताचं चाक, पिच बेंड. त्याला दोन बाइट मिळून १६,३८४ पायऱ्या, मध्यावर ८,१९२. नेहमीची झेप दोन पट्ट्या वर, दोन खाली. म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये चार हजारांहून जास्त पायऱ्या. कागदावर ही घसरगुंडीच आहे. स्क्रीनवर पाहिलं तर या कीबोर्डचं चाक दोनांपैकी बारीक बाइट कायम शून्यच पाठवतं. चार हजारांच्या उरल्या बत्तीस.

तरी भाच्याला चाक फिरवायला लावलं. आणि दोन्ही कीबोर्ड एकमेकांपासून असे फाटले की कुत्रं भुंकलं. खरंच भुंकलं. चाक पूर्ण फिरलं म्हणजे किती, हे संदेशात नसतं, ऐकणाऱ्यानं ठरवायचं. वरचा दोन पट्ट्या चढत होता, खालचा बारा. मागे कुणीतरी त्याच्या सेटिंगमध्ये हात घातला असणार. हे बाहेरून बदलता येतं: कंट्रोलर १०१ ला ०, १०० ला ०, मग ६ ला २. डबा आता सुरुवातीलाच दोघांना हे सांगतो.

चाक सगळ्या चॅनेलला लागू होतं, एका सुराला नाही. खाली सा धरून वर मींड घ्यायला गेलो तर साही घसरतो. म्हणून धरलेल्या सुराला वेगळा चॅनेल दिला. २०२० मध्ये आलेल्या मिडी २.० मध्ये सुरागणिक वेगळी घसरण देता येते, पण या दोन कीबोर्डांना ते शिकवायला कोण जाणार.

नानांनी परत ऐकलं. "बरं शे," म्हणाले. म्हणजे पसंत नाही.

१ नोव्हेंबर

उरलेल्या एका पायबटणावर टोन बदलायचा होता. जनरल मिडीच्या १२८ टोनच्या यादीत सतार १०५ वर आणि सनई ११२ वर आहे. शिंदखेड्याच्या एका लग्नात अंतरपाटाला सनई हवी म्हणून ती बसवली. बटण दाबलं, घंटी वाजली. टिंग टिंग टिंग. जिभाऊ म्हणाले, आरतीला ठेव.

यादी १ पासून मोजते, तार ० पासून. मी ११२ पाठवला, त्यानं ११३ वा टोन लावला, ती छोटी घंटी. १११ पाठवल्यावर सनई आली.

त्याच यादीत १०६ वर बँजो आहे. पोरं खूश झाली. वाजवून पाहिल्यावर तोंडं उतरली. तो अमेरिकेचा बँजो, आपल्या बँजो पार्टीतला बुलबुल तरंग नाही.

७ नोव्हेंबर

पायबटणं डोअरबेलची होती. ट्रॉली खड्ड्यातून गेली की आपोआप दाबली जायची, आणि एकदा दाबलं तरी तीनदा मोजली जायची. ती काढून कडक स्प्रिंगची लावली, आणि एकदा दाबल्यावर ५० मिलिसेकंद पुढचं ऐकायचं नाही असं प्रोग्राममध्ये घातलं. दोंडाईचा ते शहादा रस्त्यानं तपासलं. त्याहून कठीण परीक्षा नाही.

१६ नोव्हेंबर

पहिली वरात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात नवरीकडच्या मामांचा पाय आहे.

दीड तास सगळं उत्तम. भाचा वरच्या कीबोर्डवर, खालून क्लॅरिनेट त्याच्यासोबत. मग मामा नाचत ट्रॉलीवर चढले आणि पाय वायरीत. वरच्या कीबोर्डची वायर सॉकेटमधून निघाली, नेमकी सूर धरलेला असताना. क्लॅरिनेटचा तार सा सुरूच. भाच्यानं "गप" दाबलं, थांबला. तीन-चार सेकंद गेले असतील. लोकांना वाटलं गाण्यातच आहे, शिट्ट्या पडल्या.

रात्री घरी येताना डोक्यात एकच: २५४. "मी आहे, मी आहे" हे त्यासाठीच तर असतं. एकदा ते ऐकू आलं आणि मग ३०० मिलिसेकंद काहीच आलं नाही, तर वायर गेली असं समजून सगळे सूर सोडायचे, असं मानकात आहे. कीबोर्ड बिचारा सांगत होता. स्क्रीन स्वच्छ दिसावी म्हणून मी सप्टेंबरात त्याचं तोंड बंद केलं होतं.

१८ नोव्हेंबर

डब्याला २५४ ऐकायला शिकवलं. ३५० मिलिसेकंद शांतता झाली की डबा त्या कीबोर्डचे तक्त्यात धरलेले सूर सोडून देतो. तक्ता आधीच होता, त्यामुळे काम अर्ध्या तासाचं. पॅड २५४ पाठवत नाही, त्याला हा नियम लावलेला नाही; ढोलाचा टोला अडकत नाही.

सॉकेटच्या शेजारी पत्र्याला भोक पाडून केबल टाय घातले. मामांसाठी हा खरा उपाय.

२५ नोव्हेंबर

चार लग्नं झाली. एकदाही सूर अडकला नाही. "गप" बटण एकदाच वापरलं गेलं, नवरदेवाचे वडील भाषण करायला उभे राहिले तेव्हा.

जिभाऊंनी ठरलेल्यातले अर्धे पैसे दिले, बाकी लग्नसराई संपल्यावर. वर पाच किलो वाळलेली मिरची. तीन-तीन मीटरच्या दोन जादा वायरी करून ट्रॉलीच्या पेटीत टाकल्यात, दोन्ही टोकांना लाल टेप लावून, म्हणजे कुणी पुन्हा मिक्सरला लावणार नाही. नाना दुकानावरून जाताना थांबले होते. चाकाचा बारीक बाइट पाठवणारं दुसरं चाक बसवता येईल का, असं त्यांनी अर्थातच विचारलं नाही. म्हणाले, तो सूर अजून खरखरीत उतरतो. जुन्या टीव्हीचा एक दहा किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (फिरवायचा रेझिस्टर) बाजूला काढून ठेवलाय. मेगाचा एक पोर्ट अजून रिकामा आहे.